दिव्याच्या खांबाला धडकलेली गाडी

बालदोस्तांनो, सायकलचा जुना टायर काठीनं हाणत गल्लीभर पळवलाय का कधी? आणि बेअरिंगची गाडी? फळीखाली बेअरिंगं ठोकायची, पुढं दोरी बांधायची, एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं. उतारावर तो खर्रर्र आवाज सुरू झाला, की पोटात कसा गोळा येतो, नाही?

माझ्या चौथीच्या वर्गात असाच एक गाडीवेडा आहे. तो वर्गात चालत येत नाही, गिअर टाकत येतो! दारात तोंडानंच कर्रर्र ब्रेक लावतो आणि मग बाकावर बसतो. आम्हाला त्याची गंमत वाटायची. पण परवा त्याचे वडील शाळेत आले, ते घाबऱ्याघुबऱ्याच. म्हणाले, "बाई, रविवारी यानं माझ्या मोटारसायकलला किल्ली लावली. मी वेळेवर पोचलो म्हणून बरं. याचं हे वेड घालवायचं कसं?"

मी त्यांना बसवलं आणि एक खरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

जर्मनीत केर्पेन नावाचं एक गाव आहे. तिथं एक गवंडी राहायचा. त्याच्या चार वर्षांच्या मुलाकडे पायानं चालवायची छोटी गाडी होती. वडिलांना हौस भारी! त्यांनी त्या गाडीला एका जुन्या दुचाकीचं छोटं इंजिन बसवून दिलं. मग काय! स्वारी निघाली भरधाव, आणि धाडकन आदळली दिव्याच्या खांबावर!

आता सांगा, तुमच्या घरी असं झालं असतं तर? गाडी माळ्यावर आणि तुम्ही कोपऱ्यात! पण त्या आईबाबांनी वेगळा विचार केला. मुलाला गाडी हवी आहे ना? मग ती रस्त्यावर नको, योग्य जागी चालवू दे. ते त्याला कार्टिंगच्या क्लबात घेऊन गेले. कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी, बुटकी गाडी. तिथं धावपट्टी होती, नियम होते आणि शिकवणारी मोठी माणसंही होती.

पैशांचं काय? ते फारसे नव्हतेच. वडिलांनी टाकाऊ सुटे भाग जमवून कार्ट तयार केली. पुढं ते त्याच ट्रॅकवर कार्ट दुरुस्तीचं काम करू लागले आणि आई तिथल्या उपाहारगृहात. इतरांनी वापरून टाकून दिलेले टायर हा मुलगा आपल्या गाडीला लावायचा. झिजलेला टायर घसरतो, बरं का! पण घसरणारी गाडी सावरता सावरता हात तयार होत गेला. सहाव्या वर्षीच त्यानं क्लबचं अजिंक्यपद मिळवलं.

कार्टमध्ये एवढं शिकण्यासारखं असतं तरी काय? कवायतीत रांग वळते तेव्हा काय होतं ते आठवा. आतला मुलगा जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं. चाकांचंही तसंच आहे. मोटारीत मागची दोन चाकं कमीजास्त वेगानं फिरावीत अशी सोय असते. कार्टमध्ये ती एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात. त्यामुळे वळताना आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं, तरच गाडी झोकात वळते. शिवाय कार्टला स्प्रिंग नसतात. ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीला कळतो. म्हणजे चालवणारा गाडीची भाषा अंगानंच शिकतो.

हा मुलगा मोठेपणी मोटार मेकॅनिकचं कामही शिकला. 1991 साली बेल्जियममध्ये तो पहिल्यांदा फॉर्म्युला वन शर्यतीत उतरला, आणि पहिल्याच फेरीत क्लच बिघडून बाहेर पडला! पण डगमगला नाही. 1994 आणि 1995 साली तो जगज्जेता झाला, नंतर 2000 ते 2004 अशी सलग पाच वर्षं. सात जगज्जेतेपदं आणि 91 शर्यतींत विजय! ओळखलंत ना? मायकल शूमाकर! त्याच ट्रॅकवर वाढलेला त्याचा धाकटा भाऊ राल्फही फॉर्म्युला वनमध्ये पोचला. 2001 साली कॅनडाच्या शर्यतीत राल्फ पहिला आला आणि मायकल दुसरा!

गोष्ट संपली, तसे ते वडील म्हणाले, "बाई, पण आपल्या गावात कुठला ट्रॅक?"

खरं आहे. पण वेड जपायला ट्रॅकच लागतो असं नाही. गॅरेजबाहेर उभं राहून इंजिन उघडलेलं पाहता येतं. सायकलची चेन स्वतः बसवता येते. आणि एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. रस्ता म्हणजे शर्यतीचा ट्रॅक नव्हे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं धावतात, रस्त्यावर समोरून कुणाची तरी आजी येत असते! आपल्याकडे 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवानासुद्धा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही, तोही पालकांच्या संमतीनं. गिअरची मोटारसायकल आणि मोटार तर अठरानंतरच.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मुलाच्या हातातली किल्ली जरूर काढून घ्या, पण त्याच हातात पाना द्या.

आमच्या गाडीवेड्याचं पुढं काय झालं? या रविवारी बापलेकांनी मिळून बेअरिंगची गाडी केली. सोमवारी तो नेहमीसारखा गिअर टाकत आला आणि म्हणाला, "बाई, बाबांनी आधी ब्रेक बसवायला लावला. मगच मला बसू दिलं!"

शाब्बास! ज्याला पळायचं आहे, त्यानं आधी थांबायला शिकावं. काय, पटतंय ना?