बिनतारी, पण आधी तार!

तळवडे म्हटलं की एकीकडे सॉफ्टवेअर पार्क आठवतं, दुसरीकडे लहान वर्कशॉपमधली लेथची घरघर. या दोहोंना जोडणारी बोटभर पट्टी आज काही शे रुपयांत मिळते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-३२ ही चिप २०१६ साली आली. वायफाय आणि ब्ल्यूटूथ दोन्ही तिच्या पोटात. मोटर तापली की मालकाच्या मोबाइलवर निरोप धाडणारं यंत्र आयटीआयचा मुलगाही तिच्यावर करू शकेल.

गंमत अशी, की बिनतारी यंत्राला पहिला धडा तारेनेच द्यावा लागतो. आणि मुलं हिरमुसतात ती इथेच. पट्टीवरचा दिवा लागतो, पण विंडोजला ती दिसत नाही. 'बोर्ड गेला,' म्हणून पोरगं नाद सोडतं. अहो, मोबाइलच्या काही केबली फक्त वीज नेतात, निरोप नेत नाहीत! आधी केबल बदला. मग डिव्हाइस मॅनेजरमधलं 'पोर्ट्स' उघडा. तिथे 'कॉम' आणि पुढे आकडा दिसला, की ओळख पटली. नाहीच दिसला, तर पट्टीवरच्या यूएसबी चिपचं नाव वाचा. बहुधा सीपी-२१०२ किंवा सीएच-३४० असेल. तिचा ड्रायव्हर टाका.

पुढे अर्डुइनो हा मोफत प्रोग्राम घ्या, त्याच्या बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी-३२ उतरवा, बोर्ड आणि पोर्ट निवडा. पहिला प्रयोग 'वायफाय स्कॅन'चा करा. सीरियल मॉनिटरचा वेग ११५२०० ठेवा, नाहीतर नुसती गिचमिड दिसेल. आणि ही चिप २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ऐकते, ५ चं नाही.

शेजाऱ्यांच्या वायफायची नावं पडद्यावर उमटली, की समजा, पट्टी बोलू लागली. पोराला वस्तू बिघडल्याचं सांगण्याआधी एकदा तार बदलून पाहा.