ॲल्युमिनियम कारवानची झळाळी

ॲल्युमिनियम कारवानची झळाळी म्हणजे रंग न दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून बनवलेल्या फिरत्या घराचा बाह्य पृष्ठभाग घासून आरशासारखा करणे व ती चकाकी टिकवणे. पृष्ठभागाचा अत्यंत पातळ थर काढल्याशिवाय ही चकाकी मिळत नाही, म्हणून वारंवार घासण्यापेक्षा नियमित देखभालीला अधिक महत्त्व आहे. मुंबईतील भांडुपसारख्या खाडीलगतच्या दमट व खाऱ्या हवेत तर ही देखभाल अधिकच काटेकोर ठेवावी लागते.

इतिहास

१९३४ साली अमेरिकेतील हॉली बोलस यांनी 'रोड चीफ' हे ॲल्युमिनियमचे कारवान तयार केले. बोलस विमानबांधणीच्या क्षेत्रातील होते. पत्रे रिव्हेटांनी जोडून हलके पण मजबूत कवच उभारण्याची विमानांची पद्धत त्यांनी कारवानसाठी वापरली. वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम' कंपनीने १९३६ साली 'क्लिपर' बाजारात आणले आणि पुढे चकाकते गोलसर कवच हीच या कारवानांची ओळख ठरली. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना ज्या विलगीकरण कक्षात ठेवले होते, तो एअरस्ट्रीमच्या कारवानमध्ये फेरबदल करूनच बनवला होता. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटन धोरण जाहीर केले.

चकाकी मंदावण्याची कारणे

ॲल्युमिनियमचा हवेशी संबंध येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर पारदर्शक असून तो आतील धातूचे रक्षण करतो. पाणी, धूळ, क्षार व धूर यांमुळे मात्र पृष्ठभाग हळूहळू खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि पत्रा करडा दिसू लागतो. लोखंडाप्रमाणे तांबडा गंज चढत नसल्याने हे क्षरण बराच काळ लक्षात येत नाही.

ऑक्साइडचा थर आम्ल व अल्कली या दोहोंत विरघळतो. याचा अनुभव महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत जुना आहे. 'जर्मनचे' म्हणून ओळखले जाणारे ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने काळवंडते, तर चिंचेचे पाणी उकळल्यास उजळते. कारवानच्या पत्र्याला मात्र हे दोन्ही उपाय वर्ज्य आहेत, कारण सांध्यांत व रिव्हेटांखाली अडकलेला द्रव तेथेच धातू खात राहतो.

पॉलिश करण्याची पद्धत

प्रथम पत्र्यावर पारदर्शक लेप आहे का, हे तपासतात. एका कोपऱ्यात थोडे धातूचे पॉलिश कापडाने चोळल्यावर कापड काळे झाले, तर पत्रा उघडा आहे. काळे न झाल्यास वर लेप असण्याची शक्यता असते. लेप शाबूत असल्यास पॉलिश करीत नाहीत. तो जागोजागी निघाला असेल, तर ॲल्युमिनियमला निर्धोक द्रावकाने पूर्ण काढून टाकतात.

त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्याने धूळ धुऊन पत्रा सावलीत कोरडा करतात. कणभर वाळू राहिली तरी बफिंग करताना लांब ओरखडे पडतात. आधी जाड कणांचे व मग क्रमाने बारीक कणांचे कंपाउंड बफिंग यंत्राने फिरवतात. प्रत्येक टप्प्यासाठी बफ वेगळा ठेवतात. यंत्र एका जागी थांबवल्यास पातळ पत्रा तापून वाकू शकतो. रिव्हेटांच्या ओळी व कडा हाताने, मऊ सुती कापडाने घासतात. लोखंडी तारेचा काथ्या वापरीत नाहीत. त्याचे कण पत्र्यात रुतून क्षरण वाढवतात.

पत्र्याची मर्यादा

अनेक जुन्या कारवानांचा पत्रा 'अल्क्लॅड' प्रकारचा आहे. यात मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंस शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ०.८ मि.मी. जाडीच्या पत्र्यात हा थर एका बाजूस ५ टक्के धरला, तरी तो केवळ ०.०४ मि.मी. भरतो. तो झिजून आतील मिश्रधातू उघडा पडला, तर चकाकी व गंजरोधकता दोन्ही घटतात आणि थर परत बसवता येत नाही. जाड कणांचे कंपाउंड म्हणूनच आवश्यक तेथेच वापरतात.

खाडीकाठची देखभाल

भांडुपच्या पूर्वेस ठाणे खाडी, खारफुटी व मिठागरे आहेत, तर लाल बहादूर शास्त्री मार्ग व पूर्व द्रुतगती महामार्गावर वाहनांची सतत वर्दळ असते. खाऱ्या हवेतील क्लोराइड ऑक्साइडचा थर भेदून पत्र्यावर बारीक खड्डे पाडते. काजळीयुक्त धूळ ओल धरून ठेवते. अशा ठिकाणी पुढील काळजी उपयुक्त ठरते :

• मिठाचा थर साचू नये म्हणून पत्रा वेळोवेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसावा.
• पावसाळ्यापूर्वी मेणाचा किंवा योग्य पारदर्शक लेपाचा हात द्यावा.
• प्लॅस्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळू नये. आत कोंडलेली वाफ पत्र्यावर पांढरे डाग पाडते. हवा खेळती राहील अशी शेड अधिक चांगली.
• पक्ष्यांची विष्ठा व पानांचा चीक लगेच धुवावा.
• लेपाखाली रिव्हेटांभोवती दोऱ्यासारख्या पांढरट रेषा दिसल्यास तेथे क्षरण सुरू झाले असे समजून वेळीच दुरुस्ती करावी.

सुरक्षितता

ॲल्युमिनियमची बारीक भुकटी ज्वालाग्राही असते व हवेत उडाल्यास तिचा स्फोट होऊ शकतो. बफिंग हवेशीर जागी, मुखपट्टी व चष्मा लावून करावे आणि ठिणग्या दूर ठेवाव्यात. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली 'ब्राइटनर' द्रावणे त्वचेतून शरीरात शिरून गंभीर इजा करतात. ती घरगुती वापरासाठी टाळावीत.

हे सुद्धा पहा

• ॲल्युमिनियम
• क्षरण
• भांडुप