अंगाने सडपातळ, तरी रक्तात चरबी!



मोडनिंबच्या बाजारात फेरी मारली तर अंगाने सडपातळ माणसं पुष्कळ दिसतात. "मला काय धाड भरलीय? कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही," असं आपण अभिमानानं म्हणतो. परंतु काहीही दुखत-खुपत नसताना रक्तातील चरबी वाढलेली असू शकते. पुढे येणाऱ्या मधुमेहाची व हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असते.

हे घडते कसे?

उसाला पाणी देताना पाट भरून वाहतो, पण दारं मोडल्याशिवाय पाणी सरीत जात नाही. शरीराचंही तसंच आहे. भाकरी, भात, गूळ खाल्ला की त्याची साखर होऊन रक्तात उतरते. ती स्नायूंत शिरावी म्हणून दारं मोडणारा गडी म्हणजे इन्शुलिन. पोटात व लिव्हरमध्ये चरबी साचली, अंगमेहनत कमी झाली, की स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. मग शरीर जादा इन्शुलिन सोडून काम भागवते. त्यामुळे साखरेची तपासणी कित्येक वर्षे ठीकच येते.

इकडे लिव्हर जादा साखरेची चरबी करून रक्तात सोडते. तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात. ही वाढते आणि एचडीएल नावाचे चांगले कोलेस्टेरॉल घटते.

सडपातळ माणसाला का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची भरली. आपली बाळे वजनाने कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने जास्त. २००४ साली डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! म्हणून नुसत्या वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका.

त्यात आता ट्रॅक्टर, मोटारसायकल, ठिबक आले. कष्ट कमी झाले, चहा मात्र तेवढाच राहिला. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे महिन्याला किलोहून अधिक साखर नुसत्या चहातून पोटात जाते.

काय करावे?

१. बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटीमीटर व बायकांची ८० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरली, तर सावध व्हा.

२. तिशी उलटली की सरकारी आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्या. रक्तातील चरबीही एकदा तपासा. रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास काही न खाता जावे, पाणी चालते.

३. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० व बायकांत ५० च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, यांपैकी काहीही आढळले तर कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. औषध त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

४. चहातली साखर निम्म्यावर आणा. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही बेतानं खावी; ताटात मटकी, हुलगा, डाळ, पालेभाजी वाढवा. एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा वापरू नका.

५. रोज अर्धा तास झपाझप चाला. स्नायू कामाला लागले की ते साखर ओढून घेतात. दारूने ट्रायग्लिसराइड वाढते, तंबाखूने शिरा खराब होतात, दोन्ही सोडा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते. पीक पिवळे पडायची वाट न बघता आपण माती तपासतो. तशीच घरातल्या कर्त्या माणसांची, कारभारणीचीही, तपासणी या सुगीनंतर जरूर करून घ्यावी.