कंटेनरमधला पाऊस

मागे एकदा शिक्षकांच्या मेळाव्यासाठी आम्ही कोरेगावला गेलो होतो. चहाच्या वेळी एका शिक्षकांनी आपल्या भावाची हकिकत सांगितली. हा भाऊ परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला घेवडा पुरवतो. युरोपातल्या बंदरात कंटेनरचे दार उघडले, तेव्हा वरच्या थरातली पुठ्ठ्याची खोकी ओलीगच्च होऊन दबली होती आणि पोत्यांतल्या घेवड्यावर बुरशी आली होती. समुद्राचे पाणी आत शिरले असणार, असे सगळ्यांनाच वाटले. पण तपासनिसाने ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि सांगितले, हे पाणी समुद्राचे नव्हे. मालाचे पैसे अडकले. ते शिक्षक म्हणाले, "कंटेनरला भोक नाही, पाणी समुद्राचे नाही. मग आले कोठून?"

प्रथम त्या थेंबांविषयी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सर्वांत जास्त. क्लोराइडची सिल्व्हर नायट्रेटशी गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा, दह्यासारखा साका तयार होतो. वाफ थंड होऊन बनलेल्या पाण्यात मीठ नसते, म्हणून साकाही पडत नाही. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. विहिरीच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असल्याने ते किंचित गढूळ होते. म्हणून तुलनेसाठी शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची परीक्षानळी अवश्य ठेवावी.

तर मग हे बिनमिठाचे पाणी कोठले? त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावले, तर थोड्या वेळाने झाकणाला आतून थेंब लोंबू लागतात आणि वरची पोळी ओली होते. डब्यात बाहेरून कोणी पाणी ओतलेले नसते. ते पोळ्यांतलेच असते.

"पण घेवडा तर वाळलेला असतो," असे कोणी म्हणेल. येथे थोडे गणित करू. वीस फुटी कंटेनरचे आतले आकारमान सुमारे ३३ घनमीटर असते. माल भरल्यावर त्यात १० घनमीटर हवा उरली असे मानू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के धरली, तर त्या सगळ्या हवेत मिळून १८० ग्रॅम पाणी झाले, म्हणजे जेमतेम पेलाभर. आता मालाकडे पाहू. चांगल्या वाळलेल्या घेवड्यातही १२ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. वीस टन घेवडा म्हणजे २,४०० लिटर पाणी! त्याची आर्द्रता १२ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आली, तरी सुमारे वीस लिटर पाणी मोकळे होते. कोरडा म्हणून पाठवलेला माल आपल्याबरोबर पाण्याची टाकीच घेऊन निघालेला असतो.

हे पाणी दाण्यांतून बाहेर काढण्याचे काम प्रवासातले तापमान करते. कोरेगावातून निघालेला माल न्हावा शेवा येथे पोहोचतो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराच्या आवारात कंटेनर उन्हात उभा राहतो. दिवसा त्याचे पोलादी छत तापते, वरचा माल गरम होतो आणि त्यातून बाष्प बाहेर पडते. रात्री छत निवते. ३० अंश तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. छत त्याहून थंड झाले की आतून दव धरते.

खरी कसोटी पुढे आहे. उबदार अरबी समुद्र सोडून जहाज हिवाळ्यात रॉटरडॅमला पोहोचते. तेथून काही कंटेनर लहान जहाजांवर चढवून बाल्टिक समुद्रावरच्या बंदरांकडे नेतात, आणि तेथे पारा शून्याखालीही जातो. पातळ पोलाद काही तासांत थंड होते. वीस टनांचा ढीग मात्र कित्येक दिवस उबदार राहतो. उबदार माल बाष्प सोडत राहतो आणि थंड छत त्याचे पाणी करत राहते. थेंब मोठे होतात आणि मालावर टपकतात. जहाजाच्या व्यवसायात याला 'कंटेनरमधला पाऊस' असेच म्हणतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, म्हणजे बाष्पाला तेवढा अवधी जास्त मिळाला.

येथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो. बेदाण्यात तर १५ टक्के पाणी असते, मग त्याला बुरशी का येत नाही? उत्तर असे, की पाणी किती आहे याबरोबरच ते किती मोकळे आहे हेही महत्त्वाचे असते. बेदाण्यातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते. बुरशीला ते सहजासहजी मिळत नाही. पाण्याच्या या मोकळेपणाला जलसक्रियता म्हणतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये जंतूंच्या वाढीशी तिचा संबंध दाखवला. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ असते, ती ०.६ च्या खाली गेली की बुरशी वाढत नाही. घेवड्यात १५ टक्के पाणी राहिले, तर हा आकडा ०.७ च्या वर जातो. सांगली-तासगावचा बेदाणा त्याच १५ टक्क्यांना सुरक्षित असतो. पण वरून थेंब पडला, की त्या जागी दोघांचीही गत सारखीच.

बुरशीचा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. काही बुरशा विष तयार करतात. बेदाण्यातल्या ओक्राटॉक्सिन-ए या विषासाठी युरोपीय संघाने किलोमागे ८ मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. म्हणजे सव्वाशे टन बेदाण्यात एक ग्रॅम!

उपायांची सुरुवात खळ्यावर होते. कोरेगाव तालुक्याच्या ज्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो खरिपाचे पीक. पाऊस सरता सरता तो काढणीला येतो, तेव्हा हवा दमट असते आणि बाजाराची घाई असते. दाणा दाताखाली 'कट्ट' वाजला पाहिजे, ही जुन्या माणसांची परीक्षा खोटी नाही. तिच्या जोडीला आर्द्रतामापक असावा. मालाखालच्या लाकडी चौकटी कोरड्या हव्यात. किडे मारण्यासाठी लाकूड तापवलेले असते, पण तेवढ्याने ते वाळतेच असे नाही. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. त्या हवेतले बाष्प ओढून घेतात. मात्र पिशवी फुटली, तर तिच्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा फसते, हे लक्षात ठेवावे.

शेवटी एक प्रयोग. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत घरातला साधा घेवडा भरा, दुसरीत मंद आचेवर चांगला भाजून कोरडा केलेला आणि निवू दिलेला. दोन्हींची पत्र्याची झाकणे घट्ट लावून बरण्या दुपारभर उन्हात ठेवा. मग सावलीत आणून झाकणांवर बर्फ ठेवा आणि अर्ध्या तासाने झाकणे आतून पाहा. कोणत्या झाकणाला पाणी धरले? किती? झाकणाखाली टिपकागद चिकटवून त्याचे आधीचे व नंतरचे वजन केले, तर आकडाही मिळेल.

कोरेगावच्या त्या शिक्षकांना आम्ही हाच प्रयोग सुचवला, आणि बरण्या भावाच्या खळ्यावरच भरायला सांगितल्या. झालेले नुकसान त्याने भरून येणार नाही. पण पुढच्या हंगामात पोती शिवण्याआधी घेवडा आणखी दोन दिवस उन्हात का ठेवायचा, हे भावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.