शालेय कबड्डीचे सराव-सामने : प्रकार व योजना

पावसाळा ओसरला, शेतातील सोयाबीन निघाले, की केंद्र, बीट व तालुका पातळीवरील बालक्रीडा संमेलनांची चाहूल खेड्यापाड्यांतील शाळांना लागते. पटांगणावर फक्कीच्या रेषा उमटतात आणि कबड्डीचा सराव सुरू होतो. या सरावाची सर्वसाधारण रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वरच्या वर्गातील सात धट्टीकट्टी मुले एका बाजूस, उरलेली दुसऱ्या बाजूस, आणि रोज एक पूर्ण सामना. रोज तीच मुले जिंकतात, रोज तीच हरतात. महिनाभराने पाहावे तर जिंकणाऱ्यांना संकटात खेळण्याचा अनुभव नसतो आणि हरणाऱ्यांपैकी कित्येकांनी एकही चढाई केलेली नसते. संमेलनात मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, की सारा संघ गोंधळतो. हा दोष मुलांचा नसून सरावाच्या योजनेचा होय.

स्पर्धेचा सामना आणि सराव-सामना यांत मूलतः भेद आहे. स्पर्धेत शिकलेल्याची परीक्षा होते; सरावात शिकवावयाचे असते. गणिताचा शिक्षक रोज परीक्षाच घेत बसला, तर उदाहरणे कधी समजावणार? यास्तव प्रत्येक सराव-सामन्याचा एकच हेतू अगोदर ठरवावा आणि त्या हेतूस अनुसरून खेळाडूंची संख्या, वेळ व गुणांचे नियम बदलून घ्यावेत.

अन्य देशांतील शाळाही याच मार्गाने जातात. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जे सराव-सामने होतात, त्यांत पुष्कळदा पूर्ण खेळ खेळतच नाहीत. एका संघास ठराविक संख्येच्या चाली देतात, मग दुसऱ्यास तितक्याच. मार्गदर्शक मैदानात उभे राहून खेळ थांबवितात व चूक तेथल्या तेथे दाखवितात. कबड्डीत चढाई हा स्वतंत्र, मोजता येण्याजोगा घटक असल्याने ही पद्धत आपल्या खेळास सहज लागू पडते.

सराव-सामन्यांचे प्रकार

(१) अपुऱ्या संघाचा सामना. लहान पटाच्या शाळेत सात-सातचे दोन संघ उभे राहत नाहीत. तेथे एका बाजूस तीन किंवा चार रक्षक ठेवावेत व उरलेल्या मुलांनी पाळीपाळीने चढाई करावी. दहा चढायांनंतर रक्षक बदलावेत. यात साखळी धरणे, चढाईपटूस मध्यरेषेपासून दूर ओढून घेणे, एकाने पाय धरताच दुसऱ्याने साहाय्यास धावणे, या गोष्टी नीट शिकविता येतात. सरावाच्या आरंभीच्या दिवसांत हाच प्रकार उत्तम.

(२) मोजक्या चढायांचा सामना. दोन्ही बाजूंस सात खेळाडू. प्रत्येकाने दोनच चढाया करावयाच्या. बाद झालेला खेळाडू बाहेर न जाता पुन्हा जागेवर उभा राहतो. गुण मात्र लिहिले जातात. एका संघाच्या १४ व दोन्ही मिळून २८ चढाया होतात. एका चढाईस अधिकात अधिक ३० सेकंद धरल्यास शुद्ध खेळ १४ मिनिटांचा होतो. मधले थांबणे व समजावणे जमेस धरून अर्ध्या तासाच्या तासिकेत हा सामना सुखाने बसतो. कोपऱ्यात उभे राहणारे बुजरे मूलही यात दोनदा मध्यरेषा ओलांडतेच. पूर्ण सामन्यात ही हमी नसते. तेथे दोन तरबेज मुलेच बहुतेक चढाया करून टाकतात.

(३) प्रसंगाचा सामना. येथे खेळ आरंभापासून सुरू न करता एखादा अवघड प्रसंग मांडून सुरू करावा. उदाहरणार्थ, एका संघाचे तीनच खेळाडू मैदानात आहेत. तीन किंवा त्याहून कमी रक्षकांनी यशस्वी पकड केल्यास एक जादा गुण मिळतो. परंतु तिघेही बाद झाले तर लोण चढतो व प्रतिपक्षास दोन जादा गुण मिळतात. अशा वेळी धाडस करावे की वेळ काढावा? दुसरा प्रसंग : सहा रक्षक उभे आहेत, चढाईपटूस बोनस रेषेचा गुण हवा आहे. तिसरा : संघ दोन गुणांनी पुढे आहे आणि दहा चढाया उरल्या आहेत. प्रत्येक प्रसंग खेळून झाल्यावर मुलांनाच विचारावे की, असे का केले? उत्तर चुकले तरी चालेल. विचार सुरू होणे महत्त्वाचे.

(४) पूर्ण सामना. हा आठवड्यातून एकदाच घ्यावा. पूर्वार्धात शिक्षकाने शिटी वाजवून खेळ थांबवावा, चूक दाखवावी; उत्तरार्धात मात्र केवळ पंचाचे काम करावे. प्रत्यक्ष स्पर्धेत शिक्षकास मैदानात शिरता येत नाही, याची सवय मुलांना यातून लागते. पंचगिरी कधीकधी मुलांकडेही सोपवावी. जो पंच होतो, त्यास नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप कळतात.

(५) चार शाळांचा मेळावा. संमेलनापूर्वी पंधरा दिवस जवळच्या चार शाळांनी एकत्र यावे. प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी खेळला तर सहा सामने होतात. सामना आठ मिनिटांचा व मध्ये पाच मिनिटांची उसंत ठेवल्यास एकाच मैदानावर सव्वा तासात कार्यक्रम आटोपतो. येथे विजयी संघ जाहीर करू नये. शेवटी निरनिराळ्या शाळांची मुले मिसळून दोन संघ पाडावेत. मुलींचे सामने स्वतंत्र. परंतु त्यांना वेळ व मैदान तितकेच मिळाले पाहिजे.

मैदान व सुरक्षितता

या वयोगटास ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद मैदान पुरते. भद्रावती परिसरात काळी माती पुष्कळ. पावसात ती पायांना चिकटते व वाळल्यावर भेगाळून दगडासारखी होते. अशा जमिनीवर पकडीचा सराव घेऊ नये. जागा खणून, खडे वेचून, वाळूमिश्रित माती पसरावी. ग्रामपंचायत व पालक यांचे साहाय्य या कामी सहसा मिळते. मुलांची नखे कापलेली असावीत, अंगास तेल नसावे, कडे वा दोरा नसावा. गळा किंवा तोंड दाबणे आणि पायांची कात्री घालून पाडणे नियमबाह्य आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. सरावात वयाइतकेच वजनही पाहावे. २५ किलोच्या मुलापुढे ४५ किलोचा रक्षक उभा करणे हे शिक्षण नव्हे.

वेळेचा प्रश्न या भागात विशेष गंभीर आहे. मोहर्ली, मुधोली अशा ताडोबालगतच्या गावांत वाघ-बिबट्याचा वावर असतो आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर सराव लांबविल्यास दुसऱ्या पाड्यावरील मुले अंधारात जंगलवाटेने घरी जातात. कोणतेही ढालचषक या जोखमीच्या मोलाचे नाही. सराव शेवटच्या तासिकेस किंवा शनिवारच्या सकाळच्या सत्रात घ्यावा आणि मुले एकत्र, उजेडी परततील असे पाहावे.

नोंदवही

साध्या वहीत चार रकाने आखावेत : नाव, चढाया, मिळविलेले गुण, पकडीतील सहभाग. दर आठवड्यास ही वही वाचावी. ज्याच्या नावापुढे चढायांचे शून्य असेल, त्याचा दोष शोधण्यापूर्वी त्यास संधी दिली होती काय, हे पाहावे. संघाची निवडही या वहीवरून करावी. म्हणजे पालकांना उत्तर देणे सोपे जाते आणि मुलांनाही निवड न्याय्य वाटते.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस स्थान मिळाले. या खेळास लागते ते चार रेषा, एक शिटी आणि जाणता शिक्षक. संमेलनातून ढाल एकाच शाळेस मिळते. उरलेल्या साऱ्या शाळांची मुले रिकाम्या हाताने परततात. त्यांतील प्रत्येकाने महिनाभरात धीराने चढाई केली असेल, पडल्यावर उठून पुन्हा साखळी धरली असेल, तर सरावाचा हेतू साधला असे शिक्षकाने समजावे.