सूर्य जवळ, तरी थंडी!

जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तरीही त्याच दिवसांत आपणांस हुडहुडी भरते. हे कसे?

पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. म्हणून एकाच स्थळी सूर्यकिरण कधी सरळ, तर कधी तिरपे पडतात. मे महिन्याच्या मध्यास मुंबईत भर मध्यान्ही सूर्य माथ्यावर येतो आणि अंगणात रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तीच सावली जवळजवळ काठीएवढी लांब पडते. तिरपे किरण अधिक भूमीवर पसरतात, त्यामुळे त्यांची ऊब विरळ होते. शिवाय दिवसही लहान असतो. हिवाळ्यात उत्तरेस जावे तसे किरण अधिकच कलतात. कर्कवृत्तापलीकडील दिल्लीत तर सूर्य कधीच थेट माथ्यावर येत नाही.

मुलांनो, काठी रोवा, सावली मोजा. ऋतूंचे गुपित ती तुम्हांस सांगेल.