दंव आणि जोडा

दिल्लीत पाऊस तो किती? सबंध वर्षात सरासरी सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर; म्हणजे मुंबईच्या वाट्याला येतो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तोही जूनच्या अखेरीस येतो आणि सप्टेंबर सरता सरता निरोप घेतो. अशा कोरड्या राजधानीत गोल्फ खेळणाऱ्याला जलरोधक जोडे कशाला हवेत, असे कोकणातून आलेल्या पाहुण्याने विचारले, तर तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. पण त्या पाहुण्याने डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी लाडो सराईच्या कुतुब गोल्फ मैदानावर, किंवा लाल बंगल्यासारख्या जुन्या वास्तू पोटात घेऊन पसरलेल्या दिल्ली गोल्फ क्लबच्या हिरवळीवर, साधे जोडे घालून शंभर पावले चालून पाहावे. पाऊस वरून येतो, तेव्हा आपण सावध असतो. दंव खालून भिजवते आणि ते भिजवते आहे हे मोजे ओले झाल्यावरच कळते. अठरा खळग्यांचा पुरा डाव म्हणजे सात-आठ किलोमीटरांची चाल. ती ओल्या पायांनी पुरी करणे हा काही खेळ नव्हे.

म्हणून चार वर्षांपूर्वी मी एक चांगला, माझ्या पगाराला थोडासा न शोभणारा, जलरोधक जोडा विकत घेतला. त्याची निगा कशी राखावी याविषयी मला शंकाच नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या गोठ्यात आजोबांच्या काळातली चामड्याची मोट टांगलेली असे. मोट दिवसभर पाण्यात बुडे आणि वर येई, तरी ती वर्षानुवर्षे टिके, ती तेलामुळे, असे आजोबा सांगत. आपल्या वहाणांनाही ते उन्हाळ्याच्या अखेरीस तेल पाजीत आणि सावलीत ठेवीत. तेच संस्कार घेऊन मी माझ्या नव्या जोड्याला दर पंधरवड्याला मनसोक्त तेल पाजू लागलो. जोडा तुकतुकीत दिसू लागला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात मोजे ओले होऊ लागले.

जोडा गळतो आहे, अशी माझी खात्री झाली. आमच्या कचेरीजवळच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या वृद्ध मोच्याला मी तो दाखविला. त्याने तो हातात घेतला, आत पाणी ओतले, कागदावर ठेवला आणि मला अर्धा तास थांबविले. कागद कोरडाच राहिला. मग तो म्हणाला, “साहब, जूता चू नहीं रहा, इसका दम घुट रहा है।”

या एका वाक्यात साऱ्या विषयाचे मर्म आहे. माणसाच्या तळपायाला घाम फार. जलरोधक जोड्याला दोन कामे करावी लागतात : बाहेरचे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, आणि आतल्या घामाची वाफ बाहेर जाऊ द्यावयाची. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणला असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात असे आढळले. ही छिद्रे इतकी बारीक, की त्यांतून वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. आजच्या पुष्कळ जलरोधक जोड्यांच्या चामड्याआड अशाच एखाद्या पापुद्र्याचे अस्तर असते. परंतु बाहेरच्या चामड्याची रंध्रेच तेलाने, मेणाने वा चिखलाने बुजली, तर वाफेने जावे कोठून? ती आतच गारठून पाणी होते, आणि आपण दोष देतो दंवाला. वरच्या चामड्यावरील जलविरोधी लेप झिजला, तरी हेच होते. चामडे पाणी पिऊन बसते आणि वाफेची वाट अडते.

तेव्हा निगा राखावयाची ती या वाटेची. खेळून येताच जोड्याचे बंद सैल करावेत आणि आतला सुटा तळवा काढून वेगळा वाळवावा. तळाशी पूर्वी धातूचे खिळे असत. आता बहुधा मऊ प्लास्टिकचे खुंट असतात. त्यांत अडकलेले गवत व माती मऊ कुंच्याने काढावी, कारण हिरवळीवरची खते आणि औषधे त्यांच्याबरोबर घरी येतात. चामडे कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. कपड्यांची साबणपूड वापरू नये. तिचा अंश मागे राहिला, की तो पाणी ओढून घेतो. मग आत कोरा कागद कोंबावा, तासाभराने बदलावा आणि जोडा पंख्याखाली, सावलीत ठेवावा. हीटरसमोर किंवा उन्हात कधीही ठेवू नये : चामडे आखडते, डिंक सुटतो. मे महिन्यात मोटारीच्या डिकीत जोडा विसरणे हेही त्याला भट्टीत ठेवण्यासारखेच. थेंब चामड्यावरून मोत्यासारखे घरंगळेनासे झाले, म्हणजे जलविरोधी फवाऱ्याचा नवा हात द्यावा; तो जोडा करणाऱ्याने सांगितला असेल त्याच जातीचा. एकदा घातलेल्या जोड्याला एक दिवस विश्रांती मिळाली, तर तो दुप्पट उपकार स्मरतो.

आणि जपून ठेवण्याचा अतिरेकही नको. काही जोड्यांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. ते न वापरताही हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत विरतात, आणि कपाटातून काढलेला कोरा जोडा चार पावलांत भुगा होतो.

माझा जोडा त्या मोच्याने दोन दिवस ठेवून घेऊन चामड्यावरचे तेल टिपून काढले. तो पूर्वीसारखा झाला नाही, पण पुष्कळसा सुधारला. आजोबा चुकले होते, असे मात्र मला वाटत नाही. त्यांना मोट ठाऊक होती आणि मोटेला काय हवे हेही ठाऊक होते. माझ्या हातात निराळी वस्तू होती, आणि तिला काय हवे हे मी विचारलेच नव्हते. त्यांचे तेल मी आता सोडले आहे; सावली सोडलेली नाही.